पाऊस लागण्याआधी एकदा शिवार चालून बघा

प्रति,
बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिक्कोडी आणि निपाणी तालुक्यांतील ग्रामपंचायतींचे अध्यक्ष, उपाध्यक्ष, सदस्य आणि पंचायत विकास अधिकारी (पीडीओ)

सप्रेम नमस्कार.

वळवाचे दोन-चार पाऊस झाले की पंचायतीत कामांची घाई सुरू होते. ओढ्यात जेसीबी उतरतो, गायरानात खड्डे पडतात, ५ जूनच्या पर्यावरण दिनासाठी रोपांची मागणी जाते. ही कामं तुम्ही गावाच्या भल्यासाठीच काढता, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण त्यातली बरीचशी वाया जातात आणि काहींनी तर उलट नुकसान होतं. माती, पाणी आणि झाडझाडोऱ्याचं काम करणारी माणसं म्हणून हे तुम्हाला स्पष्ट सांगणं आम्हाला भाग आहे. काम ठरतं कार्यालयात, पाणी मात्र शिवारात आपल्या वाटेनं जातं. सगळी गोम तिथं आहे.

म्हणून पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची विनंती. या वर्षीचं एकही काम सुरू करण्याआधी, वळवाचा एक चांगला पाऊस झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, पाच-सहा जणांनी शिवार चालून बघा. गावच्या सगळ्यात उंच माळापासून सुरुवात करा आणि ओढा गावची हद्द सोडतो तिथं थांबा. सोबत एक म्हातारा शेतकरी, एक गुरं राखणारा आणि गवत-सरपणासाठी रोज फिरणारी एक बाई असू द्या. या तिघांना जे ठाऊक असतं ते कुठल्याही नकाशात नसतं. पाणी कुठं तुंबलंय, कुठून लाल होऊन वाहिलंय, कुठल्या मोरीच्या तोंडाशी प्लास्टिक अडकलंय ते टिपा. बांधावरच्या झाडांची मुळं बघा. मूळ जमिनीच्या वर चार बोटं उघडं पडलं असेल, तर झाड रुजल्यापासून तिथली चार बोटं माती गेलेली आहे. आणि त्याच उतारावर एखाद्या गवताच्या थोंबाच्या वरच्या बाजूला मातीची छोटी पायरी साचलेली दिसेल. माती कशानं जाते आणि कशानं थांबते, याचं उत्तर तिथंच पायाखाली असतं.

आपला भाग पाण्याच्या दृष्टीनं फार नाजूक जागी आहे. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते आणि ते पाणी बंगालच्या उपसागरात जातं. तिथून जवळच्याच रानातून म्हादई निघते आणि गोव्यातून अरबी समुद्राला मिळते. एका तालुक्यावर पडलेला पाऊस दोन समुद्रांना वाटला जातो. आंबोलीच्या डोंगरात कोसळलेला पाऊस हिरण्यकेशीतून आजरा, गडहिंग्लज करत संकेश्वरला येतो. दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा या नद्यांचं पाणीही सीमेच्या पलीकडून, महाराष्ट्रातूनच येतं. राज्याची हद्द नदीला कळत नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आपल्या जिल्ह्यानं ते भोगलंय. तेव्हा वरच्या गावानं काय केलं हे खालच्या गावाला विचारायचा हक्क आहे, आणि खालच्या गावाचं काय होईल हा विचार वरच्या गावानं करायलाच हवा. शेजारच्या पंचायतीला त्या शिवारफेरीला बोलवा.

आता थोडा हिशोब. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की ते एक लिटर पाणी होतं. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. म्हणजे २५ मिलिमीटरच्या एका सरीत एका एकरावर एक लाख लिटर पाणी पडतं, पाच हजार लिटरचे वीस टँकर. हे पाणी मुरतं की पळतं एवढाच खरा प्रश्न आहे, आणि तो घरच्या घरी तपासता येतो. सहा इंची पीव्हीसी पाइपचा वीतभर लांबीचा तुकडा घ्या. जमिनीत दोन इंच ठोका, आतली माती कडेनं बोटानं हलकी दाबून घ्या. त्यावर प्लास्टिकचा कागद अंथरून ४४० मिलिलिटर पाणी ओता आणि कागद अलगद ओढून काढा. त्यामुळं पाण्याच्या धारेनं माती उखडत नाही. एवढं पाणी म्हणजे २५ मिलिमीटर पाऊस. ते मुरलं की पुन्हा तितकंच ओता आणि या दुसऱ्या वेळची मिनिटं मोजा. पहिल्या वेळचा आकडा धरू नका, कारण कोरडी माती सुरुवातीला अधाशासारखी पिते. हाच प्रयोग देवराईत, गायरानात, ट्रॅक्टर वळतो त्या शेताच्या टोकाला आणि शाळेच्या मैदानात करा. पालापाचोळ्याखालच्या मातीत काही मिनिटांत पाणी दिसेनासं होतं, तुडवलेल्या जागेत अर्धा तास झाला तरी तसंच उभं राहतं. गावात एकच पाऊस पडतो, पण चार जागी त्याची चार रूपं होतात.

दुसरी तपासणी आणखी सोपी आहे. सावलीत वाळवलेलं हरभऱ्याएवढं ढेकूळ काचेच्या पेल्यातल्या पाण्यात अलगद सोडा. शेणखत-पाचोळा मिळालेल्या मातीचं ढेकूळ पाच मिनिटांनंतरही बऱ्यापैकी आकार धरून राहतं. फक्त रासायनिक खतावर आणि दरवर्षी पाला जाळून चाललेल्या उसाच्या रानातलं ढेकूळ बघता बघता विरघळून तळाशी चिखल होतं. पावसाच्या थेंबाखाली शेतात नेमकं हेच घडतं: कण सुटे होतात, वरची छिद्रं बुजतात, पापडी धरते आणि पाणी मातीसकट ओढ्याकडं निघतं. ओढ्यात दरवर्षी गाळ का साठतो याचं कारण त्या पेल्यात दिसतं. एकरी तीन-चार टन पाला ऊस तुटल्यावर शिल्लक राहतो. तो जाळू नका, एका आड एक सरीत दाबा, ही गोष्ट ग्रामसभेत बोलून दाखवण्यासारखी आहे. कारण उसाचा पाला पेटवणं हा एकट्या शेतकऱ्याचा विषय राहत नाही, त्याचा गाळ सगळ्यांच्या ओढ्यात येतो.

आता ओढ्याकडं येऊ, कारण सर्वांत जास्त पैसा आणि सर्वांत जास्त चूक तिथंच होते.

खोलीकरण म्हणजे सफाई नव्हे. जेसीबी लावून ओढा सरळ केला, वळणं काढली, दोन्ही काठ तासले की पहिल्या पावसात पाणी सुसाट जातं आणि काम छान झाल्यासारखं वाटतं. पण वळण काढलं की तेवढाच उतार कमी अंतरात पडतो, म्हणून वेग वाढतो. वेग वाढला की पाणी तळ आणि काठ खरवडतं, काठ ढासळतात, बांधावरची झाडं ओढ्यात येतात. सगळा लोंढा एकदम खालच्या गावात पोचतो. आणि जी गोष्ट सहसा लक्षात येत नाही ती अशी: ओढ्याचा तळ काठच्या विहिरींच्या पाण्याच्या पातळीखाली गेला की विहिरींचं पाणी ओढ्यात झिरपून वाहून जातं. मग उन्हाळ्यात विहीर लवकर तळ गाठते, आणि पाऊस कमी झाला असं आपण म्हणतो.

बेळगावच्या बळ्ळारी नाल्याचं उदाहरण समोर आहे. शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारातलं भात वर्षानुवर्षं त्याच्या पाण्याखाली जातं. ती काळी, पाणी धरून ठेवणारी जमीन आहे. बेळगाव बासमतीचं नाव झालं ते याच रानांमुळं. तिथं अडचण खोलीची कमी आणि तोंड बंद होण्याची जास्त आहे: गाळ, जलपर्णी, काठावरची भर, अरुंद मोऱ्या. जलपर्णी सांडपाण्यातल्या खताच्या अंशावर पोसते. अनुकूल दिवसांत ती दोन आठवड्यांत दुप्पट होते, आणि तिचं बी गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. वरून नुसती कापून काठावर टाकली तर पुढच्या पुरात परत पाण्यात. मुळासकट काढून पुराच्या रेषेच्या वर नेऊन कुजवायला हवी. आणि सांडपाणी तसंच येत राहिलं तर हे काम दरवर्षी करत बसावं लागेल. आजार पायाला आणि पट्टी डोक्याला, असं होऊ नये.

तेव्हा ओढ्यात एवढंच करा. मोरीखालचा आणि मोरीच्या दोन्ही बाजूंचा गाळ, प्लास्टिक आणि पडलेली झाडं काढा. वळणं तशीच ठेवा. मशीन उतरवायचंच असेल तर एकाच काठानं चालवा, दुसऱ्या काठाचा झाडझाडोरा हलवू नका. काम मे महिन्यात संपवा. जूनमध्ये नको, कारण पहिल्या पुराबरोबर चढणीचे मासे अंडी घालायला वर येतात आणि त्यांची वाटच आपण उखडून टाकतो. नवी मोरी बांधताना तिचं तोंड ओढ्याच्या दोन काठांमधल्या रुंदीपेक्षा कमी ठेवू नका, मग अंदाजपत्रक थोडं वाढलं तरी चालेल. दोन्ही काठांना निदान तीन मीटरची पट्टी नांगराविना सोडा. तिथं करंज, उंबर, जांभूळ लावा. पाण्याच्या अगदी कडेला वाळुंज आणि निर्गुंडीच्या अंगठ्याएवढ्या जाड, दोन फूट लांब फांद्या पावसाच्या सुरुवातीला दोन तृतीयांश आत खोचल्या तरी फुटतात. रोप विकत घ्यावं लागत नाही. निघालेला गाळ लाल, मुरमाड शेतात टाकला तर सोनं आहे. काळ्या रानात टाकू नका, तिथं चिकणमाती आधीच जास्त असते. आणि सांडपाणी मिसळलेल्या नाल्याचा गाळ कुठल्याच पिकात नको.

माळावर समतल चर, म्हणजे उतारावर पाणी अडवायला एकाच पातळीत आडवे चर, खणण्याबद्दलही सांगायला हवं. हुक्केरी-चिक्कोडीच्या उघड्या, मध्यम उताराच्या माळावर चर उपयोगी आहेत. पण चर समतलच हवेत. थोडा जरी कल राहिला तरी पाणी एका टोकाला गोळा होऊन तिथून फुटतं आणि नवी घळ पडते. समतल रेषा काढायला सात फुटांचे दोन बांबू वरच्या टोकाला बांधून इंग्रजी ए अक्षरासारखी चौकट करा, मध्ये आडवी पट्टी, वरून दगड बांधलेली दोरी. दोन्ही पाय दोन खुंट्यांवर ठेवून दोरी पट्टीवर कुठं येते ते खुणवा, पाय उलटसुलट करून पुन्हा खुणवा. दोन खुणांच्या बरोबर मधली खूण म्हणजे समतल. मग एक पाय स्थिर ठेवून दुसरा फिरवत, दोरी मधल्या खुणेवर येईल तिथं फक्की टाकत पुढं सरकायचं. शाळेतली मुलंसुद्धा हे अर्ध्या तासात शिकतात. चरातली माती खालच्या बाजूला टाका आणि तिच्यावर लगेच गवताचं बी पेरा. मात्र जांबोटी-कणकुंबीकडच्या तीव्र उतारांवर, धो धो पावसाच्या पट्ट्यात, चर अजिबात खणू नका. तिथं मुरलेलं जादा पाणी मातीचा भार वाढवतं आणि उतारच घसरू शकतो. त्या डोंगरांना रान हवं, खड्डे नकोत.

आता झाडं लावण्याचं. ५ जूनला फोटो काढायला हरकत नाही, पण रोप त्या दिवशीच लावायचा हट्ट नको. मातीत वीतभर खोल ओल पोचली की लावायची वेळ झाली; खुरप्यानं उकरून बघा. खड्डा दीड फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट खोल, आणि तो मे महिन्यातच खणून तापू द्या. वरची वीतभर माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला. भरताना वरची माती शेणखतात मिसळून तळाशी घाला. पिशवी फाडून पूर्ण काढा. पिशवीत गोल फिरलेलं मूळ दिसलं तर ते कात्रीनं तोडा. तसंच सोडलं तर पाच-सात वर्षांनी ते बुंध्यालाच आवळतं आणि जोमात आलेलं झाड वाऱ्यानं पडतं. मूळ आणि खोड जिथं मिळतं ती गाठ जमिनीच्या बरोबर राहू द्या, पुरू नका. पश्चिमेकडच्या जास्त पावसात रोपाभोवती उंचवटा करा म्हणजे पाणी साचून मूळ कुजणार नाही. पूर्वेकडच्या कमी पावसात उताराच्या खालच्या बाजूला चंद्रकोरीसारखा बांध घाला. भोवती चार इंच पाचोळा, पण खोडापासून चार बोटं लांब. शेळ्यांपासून राखायला बाभळीच्या फांद्यांचं कुंपण तारेपेक्षा स्वस्त पडतं.

जातींची निवड रानाला विचारून करा. खानापूरच्या डोंगरउतारावर ऐन, किंजळ, हिरडा, बेहडा, जांभूळ, कुंभा आपोआप येतात, तेव्हा तिथं तेच लावा. परदेशी अकेशियाची पानं कुजायला फार वेळ घेतात, खाली सुक्या पानांचा जाड थर साठतो, त्यात दुसरं काही रुजत नाही आणि वणवा लागला की तो थर भराभर पेटतो. जांभूळ, फणस, आंबा यांचं बी वाळवून ठेवू नका, फळ खाल्ल्यावर पंधरवड्याच्या आत पेरलं पाहिजे. वाळलं की मेलं. पहिले दोन उन्हाळे मार्च ते मे दर आठ-दहा दिवसांनी रोपाला दहा लिटर पाणी लागेल. त्यासाठी माणूस आणि पैसा आजच बाजूला काढता येत असेल, तेवढीच रोपं मागवा. हजार लावून शंभर जगवण्यापेक्षा दीडशे लावून एकशेतीस जगवलेली बरी.

गायरानात सरसकट झाडं लावू नका, हे आम्ही अगदी कळकळीनं सांगतो. कागदावर जे पडीक दिसतं ते गवताचं रान असतं. गुरांना वैरण, तित्तिर-चंडोलांना घरटं, खोकडाला आसरा तिथंच मिळतो. गवताची मुळं वरच्या फूटभर मातीला जाळ्यासारखी धरून ठेवतात. गायरान चार भागांत विभागा. पाळीपाळीनं एक भाग पावसाळाभर चराईला बंद ठेवा, गवताचं बी गळून पडलं की मग कापा. असं चार वर्षं केलं तर चारही भागांत गवत पुन्हा दाट होईल.

रानमोडी आणि टणटणी या रान व्यापणाऱ्या दोन झुडपांबद्दल थोडक्यात. दोन्ही काढायच्या त्या फुलं येण्याआधी. रानमोडी ओली माती असताना मुळासकट उपटते. टणटणी नुसती कापली तर दुप्पट फुटते. जमिनीच्या दोन-तीन बोटं खाली मुळाच्या गड्ड्यावर कुदळीनं तोडून झुडूप उलटं करून ठेवायचं. मोकळी झालेली जागा उघडी ठेवली तर तीच परत येतात, म्हणून त्याच पावसात तिथं गवत किंवा रोपं हवीत.

देवराईत सिमेंट नको. देवळाचा जीर्णोद्धार करा, पण रानाचा पाचोळा झाडून पेटवू नका, झाडांच्या मुळाशी पेव्हर ब्लॉक बसवू नका, रात्रभर हॅलोजन लावू नका. देवराईच्या पायथ्याला जो झरा असतो तो त्या पाचोळ्यामुळंच मे महिन्यातही वाहतो. जांभ्या दगडातून मुरलेलं पाणी खालच्या चिकणमातीच्या थरावर येऊन बाहेर पडतं. झऱ्याचं तोंड मशीननं खणलं की तो थर फुटतो आणि झरा दुसरीकडून निसटतो. झरा वाढवायचा असेल तर त्याच्या वरचा डोंगर राखा. दर अमावस्येला दहा लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते वहीत लिहा. पंचवीस सेकंद लागले तर मिनिटाला चोवीस लिटर. दोन वर्षांची अशी वही गावाकडं असली की पाणीयोजनेच्या चर्चेत अंदाजानं बोलावं लागत नाही.

एखादी जागा गेली की काय जातं याचं मोठं उदाहरण आपल्याच खानापूर तालुक्यातल्या भीमगडच्या रानात आहे. तिथल्या बारापेडे गुहांमधल्या मोठ्या कानांच्या वटवाघळाची शास्त्रात नोंद १९१३ साली झाली. त्यानंतर कितीतरी दशकं ते जगात फक्त याच गुहांमध्ये सापडतं असं मानलं जाई. पुढं मेघालयात आणि कंबोडियातही ते मिळालं. रात्रीच्या किड्यांवर जगणारा हा जीव आपल्या भागात आहे. भीमगड अभयारण्य जाहीर झालं ते २०११ साली, म्हणजे त्या नोंदीनंतर जवळपास शंभर वर्षांनी. तुमच्या गावच्या रानात काय आहे याची नोंद व्हायला इतका काळ जाऊ देऊ नका.

त्यासाठी साधन हाताशी आहे. जैवविविधता कायदा २००२ चा आहे आणि त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असलीच पाहिजे. तिनं लोकांकडून विचारून नोंदवही तयार करायची असते. अनेक गावांत ही समिती कागदावरच असते आणि सदस्यांनाही आपण सदस्य आहोत हे ठाऊक नसतं. तुमच्या पंचायतीतली नावं येत्या ग्रामसभेत वाचून दाखवा. नोंदवहीत झाडांची नावं मराठी आणि कन्नड दोन्ही लिपींत लिहा. उंबर म्हणजे अत्ती, ऐन म्हणजे मत्ती, जांभूळ म्हणजे नेरळे, हे एकाच ओळीत आलं की गुरं राखणारा मराठी माणूस आणि फाइल बघणारा कन्नड अधिकारी एकाच झाडाबद्दल बोलतील. फक्त एका भाषेत भरलेली वही निम्म्या गावाला वाचता येत नाही, आणि वाचता न येणारी नोंद कोणी दुरुस्तही करत नाही.

कचऱ्याबाबत एकच मागणी: ओढ्यावरच्या पुलाजवळची कचरा टाकायची जागा याच महिन्यात बंद करा. पहिल्या पुरात तो सगळा कचरा खालच्या मोरीत जाऊन बसतो आणि त्याच मोरीचा गाळ काढायला आपण पुन्हा पैसे घालतो.

शिवारफेरीची तारीख नोटीस बोर्डावर दोन्ही भाषांत लावा. बरोबर पाइपचा तुकडा, मोजपट्टी, गावचा नकाशा आणि एक वही घ्या. गेल्या वर्षी लावलेल्या रोपांपैकी किती जिवंत आहेत ते त्याच फेरीत मोजा आणि तो आकडा, कितीही कमी असला तरी, ग्रामसभेत सांगा. यंदा किती खड्डे खणायचे ते त्या आकड्यावरून ठरवा.

आपले,
माती, पाणी आणि वनस्पती या विषयांत काम करणारे
बेळगाव-खानापूर भागातील कार्यकर्ते